नऊ हजारांची बोली का नाकारली : तेंदूच्या एका हंगामातला आठ ग्रामसभांचा निर्णय

पार्श्वभूमी

हे प्रकरण गडचिरोली जिल्ह्यातल्या आठ ग्रामसभांच्या एका समूहाचे आहे. ते एकाच जागेचा दस्तऐवज म्हणून वाचू नये. सारख्या परिस्थितीतल्या ग्रामसभांपुढे जे प्रश्न येतात, ते इथे एका समूहात गुंफले आहेत. गावांची व माणसांची नावे नाहीत, आणि हिशेबाचे आकडे गणित स्पष्ट व्हावे म्हणून गोल घेतले आहेत. कायदे, कर आणि कामाच्या पद्धती मात्र प्रत्यक्षातल्याच आहेत.

आठही गावे पेसा (अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) क्षेत्रात येतात आणि प्रत्येक ग्रामसभेकडे सामूहिक वनहक्काचे स्वतंत्र हक्कपत्र आहे. वनहक्क अधिनियम, २००६ मधल्या गौण वनोपजाच्या, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या मालाच्या, व्याख्येत बांबू आणि तेंदूपत्ता (बिडी वळण्याचे पान) दोन्ही आहेत. त्यांच्यावरची मालकी, संकलन आणि विक्रीचा हक्क ग्रामसभेच्या सदस्यांचा आहे. २०१२ मध्ये नियमांत दुरुस्ती झाली, तेव्हा दोन गोष्टी आणखी पक्क्या झाल्या. वनोपजाच्या संकलनावर सरकारला कोणतीही रॉयल्टी किंवा शुल्क घेता येणार नाही, आणि वाहतूक परवाना ग्रामसभेची समिती देईल. हा हक्क कागदावरून प्रत्यक्षात यायला वेळ लागला. याच जिल्ह्यातल्या लेखा-मेंढा गावाला हक्कपत्र २००९ मध्ये मिळाले होते, पण स्वतःचे वाहतूक परवाना पुस्तक हातात आले ते एप्रिल २०११ मध्ये.

पेसा क्षेत्रात तेंदूसाठी ग्रामसभेला ठराव करून आपला पर्याय कळवावा लागतो. पर्याय एक म्हणजे वनविभागाने ग्रामसभेच्या वतीने लिलाव करायचा. पर्याय दोन म्हणजे जाहिरात, लिलाव, करार, संकलन आणि वसुली हे सगळे ग्रामसभेने स्वतः करायचे. या समूहाने काही वर्षांपासून पर्याय दोन धरला होता. आठ गावांची मिळून एक महाग्रामसभा होती आणि तिच्याच एका बँक खात्यावर सगळा व्यवहार होत असे.

तेंदूचे गणित ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. महाराष्ट्रात ७० पानांचा एक पुडा, १०० पुड्यांचा एक शेकडा आणि १,००० पुड्यांची एक गोणी धरतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये झुडपांची छाटणी केली तर सुमारे दीड महिन्याने कोवळे, एकसारखे, बिडीला योग्य पान येते. तोडणी मे महिन्याच्या आसपास जेमतेम दोन-तीन आठवडे चालते. बाया पहाटे जंगलात जातात आणि दहा-अकराच्या सुमारास पाने घेऊन घरी परततात. दुपारभर घरातले सगळे पुडे बांधतात आणि संध्याकाळी ते फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजून देतात. तिथे पुडे उन्हात वाळवतात, उलटवतात, पाणी शिंपडून मऊ करतात आणि मग बोदांत (मोठ्या पोत्यांत) भरतात. एवढ्या दिवसांत एक दमदार पाऊस आला तरी पानावर डाग पडतात आणि भाव कोसळतो.

अडचण

आधीच्या हंगामात महाग्रामसभेने सर्वांत चढी बोली स्वीकारली होती. ती गोणीमागे ९,४०० रुपये होती. त्यात ३,५०० रुपये तोडणीची मजुरी (शेकड्याला ३५०) आणि ५,९०० रुपये रॉयल्टी, म्हणजे मजुरी सोडून ठेकेदाराने ग्रामसभेला द्यायची पानाची किंमत. १,१५० गोण्या जमल्या, म्हणजे कागदावर १,०८,१०,००० रुपये झाले.

मजुरीचे ४०,२५,००० रुपये ठेकेदाराने वेळेवर दिले. ते देणे त्याला भागच होते, कारण मजुरी थांबली की दुसऱ्या दिवशी फळीवर पान येत नाही. रॉयल्टीचे ६७,८५,००० रुपये मात्र तीन हप्त्यांत दिवाळीपर्यंत द्यायचे ठरले होते आणि माल जूनमध्येच ट्रकने निघून गेला. ३१ लाख आले आणि ३६,८५,००० अडकले. प्रत्यक्ष हाती पडलेल्या रकमेला गोण्यांनी भागले तर भाव ६,१९६ रुपये पडतो.

ठेकेदाराने थकबाकीसाठी दोन कारणे दिली. १९,४५,८०० रुपये त्याने जीएसटी म्हणून कापले, आणि उरलेले १७,३९,२०० रुपये माल हलका निघाला म्हणून. दुसऱ्या कारणाला काही पुरावा नव्हता, पण तो मागायला करारात जागाही नव्हती. प्रत आणि वजन कुठे, कोणासमोर तपासायचे याचे कलमच त्यात नव्हते. पहिले कारण नीट तपासण्यासारखे आहे. करारात दर करांसह आहे की कर वगळून, हे लिहिलेले नव्हते. तो करांसह होता असे ठेकेदाराचे म्हणणे क्षणभर मान्य केले, तरी १८ टक्के दराने आतला कर १६,४९,००० च्या आसपास निघतो. पूर्ण रकमेवर १८ टक्के लावून वजा करणे त्याच्या स्वतःच्या मांडणीतही बसत नव्हते. शिवाय नोंदणी नसलेल्या विक्रेत्याला जीएसटी आकारताच येत नाही. उलट आकारणी, म्हणजे विक्रेत्याऐवजी खरेदीदाराने कर भरण्याची पद्धत, लागू आहे असे म्हटले, तर कर खरेदीदाराने स्वतःच्या खिशातून भरायचा असतो, ठरलेल्या दरातून कापायचा नसतो. दोन्ही बाजूंनी पाहिले तरी ही कपात टिकत नव्हती. पैसे मात्र ठेकेदाराच्या हातात होते.

गावांत याचा परिणाम पावसाळ्यात दिसला. तेंदूची मजुरी बियाणे, खत आणि जुने उधार यांत जूनमध्येच संपते. बोनस, म्हणजे रॉयल्टीतला वाटा, शाळेचा खर्च, दवाखाना आणि दिवाळीपर्यंतच्या किराण्याला लागतो. तो अर्ध्याहून कमी आल्यामुळे लोकांचा रोष ठेकेदारापेक्षा ग्रामसभेच्या समितीवर जास्त होता. त्या वर्षीच्या दोन सभांत वनविभागाकडेच परत देऊन टाका, असा सूर निघाला.

सरकारकडे काय होते आणि ग्रामसभेकडे काय आले

या प्रकरणाचे मूळ इथे आहे, म्हणून थोडे थांबून पाहू.

तेंदूचा व्यापार राज्याच्या हातात होता तेव्हा ठेकेदार रॉयल्टी बुडवायला कचरत असे. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम ८२ प्रमाणे वनोपजापोटी सरकारला येणे असलेली रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. कलम ८३ प्रमाणे पैसे मिळेपर्यंत त्या मालावर सरकारचा बोजा राहतो आणि माल ताब्यात घेता येतो. त्याशिवाय अनामत, काळी यादी, निविदेची यंत्रणा, गोदामे आणि पगारी कर्मचारी होतेच. जमलेल्या रॉयल्टीतून प्रशासकीय खर्च वजा करून उरलेली रक्कम तोडणाऱ्या कुटुंबांना प्रोत्साहन मजुरी म्हणून परत देण्याची पद्धत होती. ती उशिरा मिळे आणि वजावटीवरून वाद होत. पण ठेकेदाराने सरकारला बुडवले, अशी तक्रार क्वचितच ऐकू येई.

वनहक्काने उत्पन्न ग्रामसभेकडे आले. वसुलीचे अधिकार आले नाहीत. ग्रामसभेला तहसीलदाराकडे जाऊन थकबाकी महसुलासारखी वसूल करून द्या असे हक्काने म्हणता येत नाही. तिला दिवाणी दावा करावा लागतो आणि त्याला तीन वर्षांची मुदत असते. कोट्यवधींची उलाढाल असलेल्या व्यापाऱ्याविरुद्ध जिल्ह्याच्या ठिकाणी तारखा करणे आठ गावांच्या समितीला परवडत नाही, हे ठेकेदाराला चांगले ठाऊक असते.

राज्याच्या अंदाजपत्रकाच्या चर्चेत याला कधी कधी वनमहसुलातली घट म्हटले जाते. ते अपुरे आहे. हा पैसा तिजोरीतून फिरून, वजावटी होऊन परत जंगलातल्या घरांत जायचा. आता तो थेट जातो. मध्ये जी सुरक्षायंत्रणा होती ती मात्र काढून घेतली गेली आणि तिच्या जागी काही दिले नाही. ग्रामसभेच्या हातात उरते ती एकच ताकद, आणि ती म्हणजे माल जागेवर असणे व वाहतूक परवान्यावर तिची सही लागणे. आधीच्या वर्षी ही सही पैसे येण्याआधीच झाली होती.

समोरचे पर्याय

पुढच्या हंगामासाठी समूहाचा अंदाज १,२०० गोण्यांचा होता. डिसेंबरात सभा सुरू झाल्या आणि चार वाटांवर चर्चा झाली.

पर्याय एककडे परत जाणे ही पहिली वाट. लिलाव आणि वसुलीचे डोके राहत नाही, पण प्रशासकीय खर्च कापला जातो आणि बोनस कधी मिळेल हे हातात राहत नाही. तीन ग्रामसभांना हे मान्य होते. पाच जणींचे म्हणणे होते की एकदा हातातले पुस्तक खाली ठेवले की पुन्हा उचलणे अवघड.

दुसरी वाट ठेकेदाराशिवाय स्वतः वाळवून, गोदामात ठेवून पावसाळ्यानंतर विकण्याची. कागदावर ही सगळ्यांत आकर्षक दिसते. पण केवळ मजुरीलाच ४२ लाख रुपये तीन आठवड्यांत रोख लागतात. वर फळीवरचे मजूर, बोद, सुतळी, गोदामभाडे आणि विमा. बँकेने विचारले, तारण काय? सामूहिक वनहक्क हस्तांतरणीय नाही, त्यामुळे तो तारण ठेवता येत नाही, आणि माल अजून झाडावर होता. पेसाच्या पाच टक्के अबंध निधीचा विचार झाला. आदिवासी उपयोजनेतला हा वाटा राज्य २०१५ पासून पेसा ग्रामपंचायतींना थेट देते. पण तो ठरलेल्या कामांच्या आराखड्यावर खर्च करायचा असतो, खरेदी-विक्रीचे खेळते भांडवल म्हणून नव्हे. आणि तो कोणत्या महिन्यात येईल याचा भरवसा नसतो. मेच्या पहिल्या आठवड्यात लागणारा पैसा ऑगस्टमध्ये येऊन उपयोग नाही. गौण वनोपजाच्या किमान आधारभूत किमतीची योजना आधार देईल का, हेही पाहिले. मोहफुले, हिरडा यांना ती लागू पडते, तेंदूला आता नाही.

उरलेल्या दोन वाटा म्हणजे जानेवारीत उघडलेल्या निविदांतल्या दोन बोल्या.

अ ठेकेदार: गोणीला ९,००० रुपये. एकूण रकमेच्या १५ टक्के आगाऊ, मजुरी आठवड्याला, बाकी डिसेंबरपर्यंत. माल फळीवरून थेट त्याच्या गोदामात.

ब ठेकेदार: गोणीला ७,६०० रुपये. मजुरी आधी खात्यात जमा, माल गावच्या गोदामात, प्रत्येक खेपेचे पैसे आल्यावरच परवाना.

निर्णय

सभेत सुरुवातीला अ च्या बाजूने हात जास्त वर गेले. गोणीमागे १,४०० रुपये कमी घेणे लोकांच्या गळी उतरत नव्हते आणि ते साहजिक होते. चित्र बदलले ते एका हिशेबाने. बारावीपर्यंत शिकलेल्या एका सचिवाने तो शाळेच्या फळ्यावर मांडला.

अ च्या ९,००० पैकी पक्के काय? मजुरीचे ३,५०० आणि आगाऊचे १,३५०, म्हणजे ४,८५०. उरलेले ४,१५० माल गेल्यानंतर येणार. ब शी घासाघीस करून त्याला ८,००० पर्यंत आणता आले, तर अ ने त्या ४,१५० पैकी किमान ३,१५० द्यायला हवेत, तेव्हा दोन्ही सारखे. म्हणजे उधारीतली ७६ टक्के वसुली. आणि गेल्या वर्षी रॉयल्टीची वसुली किती झाली? जेमतेम ४६ टक्के.

एका वयस्क बाईंनी विचारले, "दादा, मग ते नऊ हजार हायेत कुठं?" त्यानंतर अ ची बाजू घ्यायला कोणी उठले नाही.

ब शी बोलणी दोन बैठकांत झाली आणि ८,००० वर थांबली. या बोलण्यांची वेळ महत्त्वाची आहे. त्या जानेवारीअखेर झाल्या, म्हणजे छाटणीच्या आधी. एप्रिलपर्यंत करार लांबला की सगळे पारडे ठेकेदाराकडे झुकते. पान थांबत नाही हे त्यालाही कळते, आणि छाटणी न झाल्याने प्रत पडते तो तोटा वेगळाच.

करारात पुढच्या गोष्टी घातल्या गेल्या. दर सर्व कर वगळून असेल. एकूण अंदाजित रकमेच्या १० टक्के, म्हणजे ९,६०,००० रुपये अनामत राहील आणि ती शेवटच्या खेपेपर्यंत सुटणार नाही. पहिल्या आठवड्याची मजुरी, सुमारे १४ लाख, फळी उघडण्याआधी खात्यात यावी. फळीवर मोजून घेतलेला पुडा भिजला तरी त्याची किंमत ठेकेदाराने द्यावी. गोदामाला दोन कुलपे असतील, एक ग्रामसभेचे आणि एक ठेकेदाराचे. माल पाच खेपांत उचलायचा. त्या खेपेची रक्कम ग्रामसभेच्या खात्यात जमा झाल्याची नोंद पासबुकात दिसल्यावरच समिती परवान्यावर सही करेल. धनादेश किंवा मोबाइलवर पाठवलेला पावतीचा फोटो चालणार नाही, असेही स्पष्ट लिहिले.

विक्रेता कोण, हा प्रश्न

दुसरा मोठा निर्णय दराचा नव्हता, पण त्याचे वजन तेवढेच होते. आधीच्या वर्षी सगळी विक्री महाग्रामसभेच्या एका नावाने झाली होती. फक्त वस्तू विकणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाच्या ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. एका खात्यावर एक कोटी आठ लाख दिसले की ती मर्यादा कधीच ओलांडलेली असते. तेंदूवरची उलट आकारणी विक्रेता शेतकरी असेल तेव्हाची आहे, आणि शेतकरी म्हणजे व्यक्ती किंवा अविभक्त हिंदू कुटुंब. महाग्रामसभा त्यात बसत नाही. म्हणजे ठेकेदाराने कर कापून घेतला आणि भरला नाही, तर विभागाची नोटीस येणार होती ती महाग्रामसभेला.

हक्कपत्र मात्र महाग्रामसभेच्या नावावर नाहीच. ते प्रत्येक गावाचे आहे. त्यामुळे सनदी लेखापालाच्या सल्ल्याने रचना बदलली. जाहिरात, निविदा आणि बोलणी एकत्र झाली, पण करार आठ झाले, पॅन आठ, खाती आठ. सर्वांत मोठ्या गावाच्या २१० गोण्या होत्या. ८,००० च्या दराने ती विक्री १६,८०,००० होते, आणि त्यात त्याच वर्षीची बांबूविक्री धरली तरी ४० लाखांच्या बरीच खाली राहते. ही पळवाट नव्हे. ज्याच्या नावावर हक्क तोच विक्रेता, एवढेच यात आहे. त्या हंगामात तेंदूवर १८ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ५ टक्के झाला आहे, त्यामुळे वादाची रक्कम कमी झाली, पण विक्रेता कोण हा प्रश्न तसाच आहे.

टीसीएसबद्दल, म्हणजे विक्रेत्याने खरेदीदाराकडून गोळा करायच्या आयकराबद्दल, दोन मते होती. आयकर कायद्याच्या कलम २०६सी प्रमाणे तेंदूपत्ता विकणाऱ्याने खरेदीदाराकडून त्या वेळी ५ टक्के गोळा करून भरायचे होते. ग्रामसभा त्या कलमातल्या विक्रेत्याच्या व्याख्येत येते का, यावर लेखापालही ठाम नव्हते. समितीने टॅन (असा कर गोळा करणाऱ्याला लागणारा क्रमांक) काढून रक्कम गोळा करण्याचा सावध मार्ग घेतला. हे पैसे दराच्या वर घ्यायचे असतात आणि ठेकेदाराला त्याच्या विवरणात त्यांचे श्रेय मिळते, त्यामुळे त्याने हरकत घेतली नाही. आठ ठिकाणची तिमाही विवरणे भरणे मात्र जड गेले.

हंगामात काय घडले

छाटणीसाठी ग्रामसभांकडे शिल्लक पैसा नव्हता. गोणीमागे १५० रुपये धरून १,८०,००० रुपये लागले. ते ठेकेदाराने अनामतीव्यतिरिक्त दिले आणि पुढे रॉयल्टीत वळते न करता सोडून दिले. बोलणी लवकर झाल्याचा हा फायदा.

फळीवर जुनाच त्रास निघाला. मुन्शी, म्हणजे ठेकेदाराचे मोजणी करणारे कारकून, शेकड्याला १०४-१०५ पुडे घेत होते. कारण दिले जाते ते असे की पुड्यांत पाने कमी असतात, काही पुडे फाटके निघतात. शंभरामागे चार म्हणजे १,००० गोण्यांवर ४० गोण्या, आणि ८,००० च्या दराने ३,२०,००० रुपये. हा पैसा कोणत्याही कागदावर दिसत नाही. पहिल्या दोन दिवसांत हे लक्षात आल्यावर प्रत्येक फळीवर ठेकेदाराच्या मुन्शीसोबत गावातली एक मुलगी वही घेऊन बसली. दर ढिगातला एक पुडा उघडून पाने मोजायची. ६५ च्या खाली भरली तर पूर्ण ढीग परत बांधायला द्यायचा, पण वाढीव पुडे घ्यायचे नाहीत. तिसऱ्या दिवसापासून मोजणी शंभराला शंभर झाली.

तोडणीच्या कार्डावर नाव कोणाचे, यावरूनही वाद झाला. आधी कार्ड घरातल्या पुरुषाच्या नावाने असे, म्हणून बोनसही त्याच्या खात्यात जाई. पाने आणतात आणि पुडे बांधतात त्या प्रामुख्याने बाया. आठपैकी पाच ग्रामसभांनी कार्ड तोडणाऱ्या बाईच्या नावाने केले. बाकी तिघींनी एका वर्षाने पाहू असे ठरवले. पाच गावांत लगेच दुसरी अडचण आली. बऱ्याच बायांची जनधन खाती केवायसी नसल्याने बंद होती. मेमध्ये बँक मित्राला गावात बोलावून ती चालू करून घ्यावी लागली. हे काम मार्चमध्येच व्हायला हवे होते.

दुसऱ्या आठवड्यात अवकाळी पाऊस आला. तीन फळ्यांवर पसरलेले पुडे भिजले. करारात जोखीम ठेकेदारावर होती, तरी त्याने ४४ गोण्यांची रॉयल्टी नाकारली. समितीने त्याच संध्याकाळी पंचनामा केला होता, फोटो होते आणि मुन्शीची सही होती. ठेकेदाराचे म्हणणे असे की ताडपत्री टाकायला गावाचे मजूर वेळेवर आले नाहीत. त्यात काही अंशी तथ्य होते, कारण ताडपत्री कोणी आणायची आणि कोणी टाकायची हे लिहिलेले नव्हते. शेवटी त्या ४४ गोण्यांची रॉयल्टी निम्मी धरली. त्यात ९९,००० रुपये गेले. मजुरी मात्र पूर्ण मिळाली.

चौथ्या खेपेला ठेकेदाराने ट्रक आणून उभे केले आणि पैसे उद्या येतील म्हणाला. समितीचे दोन सदस्य सही करायला तयार झाले, कारण तोपर्यंतचा व्यवहार चोख होता. अध्यक्षांनी ठरावाची प्रत दाखवली आणि ट्रक दोन रात्री गोदामाबाहेर उभे राहिले. तिसऱ्या दिवशी दुपारी रक्कम जमा झाली.

हिशेब

पाऊस आणि लवकर थांबलेली तोडणी यांमुळे १,२०० ऐवजी १,०४० गोण्या जमल्या. मजुरी ३६,४०,००० रुपये. रॉयल्टी ४६,८०,००० पैकी ४५,८१,००० मिळाली आणि ऑगस्टच्या आत मिळाली. एकूण ८२,२१,०००, म्हणजे गोणीला ७,९०५ रुपये. आधीच्या वर्षी ९,४०० च्या दरावर ६,१९६ हाती आले होते.

रॉयल्टीची वाटणी ग्रामसभांनी अशी केली. ७० टक्के बोनस, २० टक्के जंगलाची राखण व पाण्याची कामे, १० टक्के कार्यालय आणि राखीव. बोनस ३२,०६,७०० रुपये, शेकड्याला सुमारे ३०८. हंगामात २,००० पुडे दिलेल्या घराला ७,००० रुपये मजुरी आणि ६,१६७ रुपये बोनस, मिळून १३,१६७ रुपये. राखीवात ४,५८,१०० रुपये राहिले. पुढच्या वर्षीची छाटणी त्यातून होऊ शकते. म्हणजे जानेवारीत ठेकेदारासमोर बसताना ग्रामसभेला एका गोष्टीसाठी तरी हात पसरावा लागणार नाही.

जुन्या थकबाकीचे ३६,८५,००० रुपये बहुतांशी बाहेरच आहेत. त्यातले ६ लाख अनपेक्षित मार्गाने आले. शेजारच्या दोन समूहांशी बोलून असे ठरले की बोली लावणाऱ्याने ज्या ज्या ग्रामसभेशी मागच्या तीन वर्षांत व्यवहार केला तिचा ना-थकबाकी दाखला जोडावा. जुना ठेकेदार शेजारच्या समूहात बोली लावायला गेला आणि तिथे अडला. त्याने ६ लाख भरून दाखला मागितला. महाग्रामसभेने पूर्ण रक्कम आल्याशिवाय दाखला दिला नाही आणि ६ लाखांची पावती तेवढी दिली. उरलेल्या ३०,८५,००० साठी वकिलाची नोटीस गेली आहे. मुदत संपण्याआधी दावा लावायचा का, यावर आठ सभांचे ठराव व्हायचे आहेत.

वेगळे काय करता आले असते

ठेकेदाराच्या बोलीतला दर आणि पैसे येण्याचा क्रम निविदेतच वेगळे मागायला हवे होते. दोन्ही बोल्यांच्या अटी वेगवेगळ्या असल्याने त्यांची तुलना सभेत फळ्यावर करावी लागली. निविदेत ग्रामसभेनेच अटी ठरवून फक्त दर मागितला असता, तर अ ठेकेदारानेही त्या अटींवर काही बोली दिली असती आणि ८,००० पेक्षा वर जाता आले असते. या प्रकरणात सर्वांत मोठा पैसा इथे सुटला असे वाटते.

ताडपत्रीचे कलम एका ओळीचे होते. ते नसल्याने ९९,००० गेले.

वाटणीत २० टक्के जंगलासाठी ठेवले हे चांगलेच, पण ते खर्च कसे करायचे याचा आराखडा नव्हता. आठपैकी तीनच गावांनी त्या वर्षी वणव्याची जाळरेषा (आग पसरू नये म्हणून मोकळा केलेला पट्टा) काढली. तेंदूसाठी पूर्वी आग लावण्याची प्रथा होती आणि तिने रोपटी जळतात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावच्या ग्रामसभेने तर तेंदू न तोडण्याचा निर्णय घेऊन बांबूवर भर दिला. प्रत्येक गावाने तसे करावे असे नाही, पण तोडणी किती करायची याची वरची मर्यादा ठरावात असावी.

राज्याच्या पातळीवर दोन दुरुस्त्या खर्चाच्या मानाने फार उपयोगी ठरतील. पहिली, ग्रामसभेने ठराव व कराराची प्रत दिल्यावर वनोपजाची थकबाकी जमीन महसुलाप्रमाणे वसूल करण्याची तरतूद. महसूल यंत्रणा आहे, कार्यपद्धती आहे, फक्त दार उघडायचे आहे. दुसरी, समूहाला १० ते १५ लाखांचा फिरता निधी. तो एप्रिलच्या आत खात्यात यावा आणि ऑगस्टमध्ये परत जावा. पहिल्या आठवड्याची मजुरी त्यातून निघाली की ठेकेदाराच्या आगाऊ रकमेवरचे अवलंबन संपते आणि सगळ्यांत कमकुवत क्षणी सही करावी लागत नाही. अबंध निधीतून हे करू द्यायचे, तर त्याच्या खर्चाच्या नियमांत परतीच्या अटीवर वापराची मुभा घालावी लागेल आणि तो ठरलेल्या महिन्यात सोडावा लागेल.

पुढच्या हंगामासाठी समूहाने डिसेंबरच्या पहिल्या सभेतच चार कामे लावून घेतली. एकसारख्या अटींची निविदा, ताडपत्रीचे कलम, मार्चअखेर सगळ्या कार्डधारक बायांची खाती तपासणे, आणि फळीवर वही धरणाऱ्या मुलींना मानधन. शेवटच्या कामासाठी दिवसाला ३०० रुपये ठरले आणि तो खर्च १० टक्क्यांच्या राखीवातून जाईल.